शिसवी टेबलाची पितळी पट्टी का उठते?

प्रश्न : आम्ही लीड्सला राहतो. मागच्या वर्षी एका घरातल्या सामानाच्या लिलावात जुनं इंग्लिश लायब्ररी टेबल घेतलं. दीड मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद. शिसवी लाकूड, कडेने पितळेची नक्षी, वर हिरवं चामडं, पायांना पितळी चाकं. पुढे दोन खण आहेत, मागचे दोन नुसते दिसायला. लिलावाच्या यादीत ‘रीजन्सी, सुमारे १८१५’ असं छापलं होतं. टेबल खिडकीखाली, रेडिएटरला लागून ठेवलंय. ऑक्टोबरपासून डाव्या आणि उजव्या कडेची पितळी पट्टी उठायला लागली. परवा धूळ पुसताना फडक्यात अडकून दोन इंचांचा तुकडाच निघाला. नवरा म्हणतो सुपरग्लू लावू. ओळखीचे एक पॉलिशवाले सगळं घासून, पितळ चकाचक करून नव्याने पॉलिश मारून द्यायला तयार आहेत. सासूबाई म्हणतात पितळेला चिंच लाव. काय करू? टेबल खरंच तितकं जुनं आहे का? त्यावर रोज लॅपटॉप ठेवून काम केलं तर चालेल का? आणि दोन-तीन वर्षांनी पुण्याला परत जाताना नेता येईल का?
— एक वाचक, लीड्स

उत्तर : सुपरग्लू नको, चिंच नको आणि घासणं तर मुळीच नको. तिन्ही सल्ले आपुलकीचे आहेत, पण टेबलाचं आज जेवढं बिघडलंय त्यापेक्षा जास्त त्यांनी बिघडेल.

आज एवढंच करा. खण बाहेर काढा आणि दोघांनी मिळून टेबल उचला. हात वरच्या फळीच्या कडेला लावू नका, फळीखालच्या चौकटीला धरा. गालिच्यावरून ओढत नेऊ नका. दोनशे वर्षांची चाकं अडकतात आणि सगळा जोर पायाच्या सांध्यावर येतो. रेडिएटरपासून निदान दीड मीटर दूर, बाहेरची नसलेल्या भिंतीशी, थेट ऊन येणार नाही अशा जागी ते ठेवा. निघालेला तुकडा सरळ करायला जाऊ नका. तो पाकिटात घाला आणि वर लिहा : ‘उजवी कड, खिडकीकडच्या कोपऱ्यापासून इतके सेंटिमीटर’. शेजारी मोजपट्टी ठेवून त्या जागेचा फोटो काढा. उठलेल्या भागावर चिकटपट्टी लावायची नाही, कारण ती काढताना खालचं पॉलिशही सोलून येतं. आणि या दोन कडांवर आता फडकं नाही. धूळ झाडायची ती मऊ केसांच्या नव्या ब्रशने, पट्टीच्या लांबीच्या दिशेने.

आता कारण. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नीट पाहिलं तर उठलेली पट्टी फक्त आखूड बाजूंची आहे. लांब बाजूंच्या पट्ट्या जागच्या जागी आहेत, आणि सगळं निदान याच फरकात आहे. टेबलाची वरची फळी बहुतेक महोगनीची असेल. तिच्या रेषा लांबीच्या दिशेने धावतात आणि तिच्यावर शिसवीचं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ थर, सरसाने चिकटवलेलं आहे. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, रेषांच्या आडव्या दिशेने मात्र हवेतल्या दमटपणाबरोबर फुगतं आणि आकसतं. उन्हाळ्यात तुमच्या खोलीत आर्द्रता पंचावन्न टक्के होती आणि हीटिंग सुरू झाल्यावर रेडिएटरशेजारी ती तीसवर आली असं धरा. लाकडातलं पाणी दहा टक्क्यांवरून सहाच्या आसपास उतरतं, आणि साठ सेंटिमीटर रुंदीची महोगनी अडीच-तीन मिलिमीटरने अरुंद होते. पितळाला दमटपणाशी काही देणंघेणं नाही. तापमान दहा अंशांनी बदललं तरी साठ सेंटिमीटरची पितळी पट्टी एक दशांश मिलिमीटरच्या आसपासच हलते. म्हणजे आडव्या पट्टीला तिची खोबण तोकडी पडली. जिथे सरस थकलेला होता तिथून ती कमानीसारखी वर आली.

म्हणूनच ती दाबून चिकटवण्यात अर्थ नाही. पट्टी आता खोबणीपेक्षा लांब आहे. इथे दाबली तर चार इंच पुढे उठेल. काही कारागीर अशा वेळी पट्टीचं टोक कापून बसवतात. हिवाळ्यात ते छान दिसतं, जून-जुलैत लाकूड परत फुगलं की कोपऱ्यात फट उघडते आणि मग तिथे काळं मेण भरत बसावं लागतं. कापायची वेळ क्वचित येते. आधी लाकडाला त्याचं पाणी परत मिळू द्यायचं.

त्यासाठी आर्द्रता मोजणारा दहा-पंधरा पौंडांचा हायग्रोमीटर आणा आणि टेबलावरच ठेवा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून उपयोग नाही. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असायला हवी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आकडा आठवड्याच्या आत वरखाली उड्या मारता कामा नये. सगळ्यात स्वस्त उपाय थर्मोस्टॅटचा. तापमान एक अंशाने उतरवलं तर आर्द्रता साधारण तीन टक्क्यांनी चढते, म्हणजे २१ ऐवजी १८ वर ठेवलंत तर निम्मं काम झालं. ह्युमिडिफायर घ्यायचाच असेल तर वाफेचा झोत सोडणारा घेऊ नका, ओल्या चकतीतून हवा खेळवणारा घ्या आणि टेबलापासून लांब ठेवा. रेडिएटरवर पाण्याची वाटी ठेवायची पद्धत बऱ्याच घरांत दिसते. तिने विशेष काही होत नाही, वाटी मात्र कोरडी पडते. सहा-आठ आठवडे घाई करू नका. लाकूड सावकाश पाणी घेतं, आणि तेवढ्या वेळात उठलेली पट्टी बरीचशी आपणहून खाली आलेली दिसेल.

मग दुरुस्ती. ही घरी करायची नाही, पण काय व्हायला हवं ते तुम्हाला माहीत असलेलं बरं, म्हणजे कारागिराला विचारता येईल. उठलेली पट्टी न वाकवता सोडवतात. पितळ एकदा दुमडलं की त्या जागी ताणलं जातं आणि पुन्हा कधी सपाट बसत नाही. मागचा जुना सरस आणि हिरवट गंज कोमट पाण्यात जेमतेम ओलावलेल्या बोळ्याने काढतात. खोबणीत तर त्याहून कमी पाणी, कारण शेजारच्या लाखेच्या पॉलिशवर पाणी गेलं की ते पांढरं पडतं. पट्टीची मागची बाजू बारीक पॉलिशपेपरने खरवडून खडबडीत करतात आणि तिचा तेलकटपणा घालवतात. जुने कारागीर तिथे कापलेली लसणाची पाकळी घासत. ऐकायला आजीबाईचा बटवा वाटतो, पण पितळी जडावाच्या कामात ही फार जुनी पद्धत आहे. मग माशाचा सरस, नाहीतर जनावराच्या कातड्याचा गरम सरस. गरम सरस पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात साठ अंशांच्या आसपास ठेवायचा. उकळला की त्याची पकड जाते. वर प्लास्टिकचा पातळ कागद, त्यावर सपाट ठोकळा, त्यावर शिकंजा, आणि चोवीस तास हात लावायचा नाही.

सुपरग्लूचं काय बिघडतं? तो ठिसूळ असतो, म्हणून पुढच्या हिवाळ्यात लाकूड हललं की तडकतो. पातळ असल्यामुळे फटीतून व्हिनिअरखाली शिरतो आणि वर पांढुरका डाग ठेवतो. काढायचा म्हटलं तर ॲसिटोन लागतं, आणि ॲसिटोन लाखेचं पॉलिशही विरघळवतं. इपॉक्सी त्याहून वाईट, कारण ती जरुरीपेक्षा घट्ट धरते. लाकूड आकसलं की पट्टी सुटताना खोबणीतले लाकडाचे तंतू उपटून घेऊन येते. सरस हवा तो पुढच्या दुरुस्तीच्या वेळी ऊब आणि ओलावा लावून सोडवता येतो म्हणून. पट्टीवर जागोजागी मोहरीएवढे गोल पितळी ठिपके दिसले तर ते कुणीतरी पूर्वी ठोकलेले खिळे आहेत, डोकी घासून सपाट केलेली. दिसतात वाईट, पण उपटू नका.

कारागीर शोधताना ब्रिटिश अँटिक फर्निचर रिस्टोरर्स असोसिएशन, म्हणजे ‘बाफ्रा’, हिच्या सभासदांची यादी पाहा. नाहीतर ‘आयकॉन’ या संस्थेचं कन्झर्व्हेशन रजिस्टर. फोनवर तीन प्रश्न पुरतात : चिकटवायला काय वापरता? पितळ कसं साफ करता? काम झाल्यावर आधीच्या-नंतरच्या फोटोंसह लेखी अहवाल देता का? पहिल्या प्रश्नाला ‘आमचा खास ग्लू आहे’ असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा.

आता पॉलिशवाल्यांचं. टेबलावरचं पॉलिश बहुधा लाखेचं आहे. इंग्लंडमध्ये फ्रेंच पॉलिशचं चलन सुरू झालं तेच १८१५-२० च्या सुमारास, आणि त्याला लागणारी लाख हिंदुस्थानातून जात असे. खात्री करायची तर वर नव्हे, फळीच्या खालच्या कडेला, पॉलिशचा ओघळ आलेल्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवा. चिकट झालं तर लाख. ती झिजली असेल तर तिच्यावरच लाखेचा हलका हात देता येतो. खरवडावी लागत नाही. मशीनने घासण्यातला खरा धोका वेगळाच आहे. व्हिनिअर दीड-दोन मिलिमीटर जाड, पितळही तेवढंच. लाकूड मऊ, पितळ कडक, त्यामुळे पॉलिशपेपर लाकूड भराभर खातो आणि पितळ उंच राहतं. मग ते सपाट करायला पितळ घासायचं, आणि त्यावर हाताने कोरलेल्या रेघा निघून जातात. भिंग घेऊन तुमच्या कोपऱ्यातलं पान पाहा. पानाच्या शिरा केसाएवढ्या बारीक कोरल्या आहेत आणि त्यांत काळं भरलेलं आहे. नक्षीत छाया दिसते ती या रेघांमुळे. त्या गेल्या की उरतो कापलेला पत्रा.

चिंच आणि बाटलीतली पितळ-पॉलिश, दोन्हींचा दोष इथे जवळपास सारखा. देवाची भांडी चिंचेने उजळतात ते खरं, पण ती नंतर आपण खळखळून धुतो. टेबल धुता येत नाही. आंबट पाणी खोबणीत मुरतं, सरस सोडवतं, आणि आंबटाने खाल्लेल्या पितळावर गुलाबी झाक येते, कारण वरचं जस्त निघून तांबं उघडं पडतं. बाटलीतल्या पॉलिशमध्ये बहुधा अमोनिया असतो आणि घासणारी पूड असते. पूड शिसवीच्या छिद्रांत बसते, वाळून पांढरी होते आणि मग सुईने उकरली तरी निघत नाही. लिलावात आलेल्या अशा टेबलांपैकी कितीतरींच्या नक्षीभोवती हा पांढरा कडा दिसतो. पितळ थोडं मंद असू द्या. पट्टी पक्की झाल्यावर वर्षातून एकदा मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात पुरेसा आहे. सिलिकॉनचे स्प्रे आणि जवसाचं तेल घरातही आणू नका.

आता वय. रीजन्सी म्हणजे काटेकोरपणे १८११ ते १८२०, पण व्यापारात १८०० ते १८३० मधलं सगळं याच नावाने खपतं. शिसवीत पितळ जडवायची फॅशन त्याच काळातली. प्रेरणा फ्रान्सची, सतराव्या शतकातल्या आंद्रे-शार्ल बूल याच्या कामाची. लाकूड आणि पितळ एकावर एक ठेवून बारीक करवतीने एकदमच कापायचं, म्हणजे एकाचं भोक दुसऱ्याच्या तुकड्याला अचूक बसतं. लंडनमध्ये १८१५ च्या सुमारास लुई ल गेन्योर हे काम करत होता. जॉर्ज बुलकने तर त्यात इंग्लंडची पानं-वेली आणली. सेंट हेलेना बेटावर नेपोलियनच्या घरासाठी गेलेलं फर्निचर त्याचंच. बुलक १८१८ मध्ये वारला. त्याचं नाव आज इतक्या टेबलांना चिकटवलं जातं की बिचाऱ्याला झोपायलाही वेळ मिळाला नसेल. कागदोपत्री पुरावा नसेल तर नावाचे पैसे मोजू नका.

पितळ खरोखर उघडं पडतं ते खणात. एक खण पूर्ण बाहेर काढा आणि खिडकीशी न्या. बाजूची फळी ओकची किंवा महोगनीची, जेमतेम सेंटिमीटरभर जाड हवी. कोपऱ्यात फळ्यांचे दात एकमेकांत अडकवलेले असतात, तो डव्हटेल सांधा. त्याचे दात हाताने कापलेले असतील तर थोडे कमी-जास्त असतील आणि कापणाऱ्याने आखलेली बारीक रेघ अजून दिसेल. सगळे दात तंतोतंत सारखे म्हणजे मशीन, म्हणजे बराच नंतरचा काळ. तळ प्लायवुडचा असेल तर विसावं शतक, पुढे बोलायलाच नको. बाजूच्या फळीची खालची कड दोनशे वर्षं घासून गोलसर, मागच्या टोकाला जास्त झिजलेली असायला हवी. कुलपावर मुकुट आणि अक्षरं असली तर वाचा : ‘जी आर’ म्हणजे १८३० पर्यंतचे जॉर्ज, ‘डब्ल्यू आर’ म्हणजे १८३० ते ३७, ‘व्ही आर’ म्हणजे त्यानंतर व्हिक्टोरिया. मात्र कुलपं बदलली जातात, त्यामुळे नुसत्या कुलपावर निकाल देऊ नका. कुलपाचा एखादा स्क्रू काढून पाहा. बोथट टोकाचा आणि डोक्यावरची खाच थोडी बाजूला गेलेली असेल तर तो जुना. अणकुचीदार टोक १८५० च्या दशकानंतर आलं.

मग टेबलाखाली टॉर्च घेऊन झोपा. फळीच्या खालच्या अंगाला कशासाठीही न वापरलेली स्क्रूंची भोकं, किंवा आताच्या चौकटीशी न जुळणारी फिकट सावली दिसली तर फळी एका टेबलाची आणि पाय दुसऱ्याचे. इंग्रज दलाल याला ‘मॅरेज’ म्हणतात. बेकायदा काही नाही, पण किंमत बरीच उतरते. आणि एक चलाखी : टेबल खरंच जुनं, पण साधं, आणि पितळ शंभर वर्षांनी कुणीतरी भाव वाढवायला बसवलेलं. ती ओळखायला नक्षीच्या आसपासचे जुने ओरखडे आणि शाईचे डाग शोधा. जुना ओरखडा पितळेवरूनही पुढे जायला हवा. तो पितळेच्या कडेशी येऊन चाकूने कापल्यासारखा थांबत असेल तर पितळ ओरखड्यानंतर आलंय.

तुम्ही लीड्सलाच आहात, तर टेम्पल न्यूसम या जुन्या वाड्यातल्या संग्रहालयाला जाऊन या. अठराव्या शतकातला नामांकित इंग्लिश फर्निचरकार थॉमस चिपेंडेल याने १७७० च्या आसपास हेअरवूड हाउससाठी केलेलं लायब्ररी टेबल तिथे आहे. चिपेंडेल तुमच्या जवळच्याच ऑटलीचा. त्या टेबलावरची नक्षी तुमच्यासारखी पितळेची नाही, रंगीत लाकडांची आहे, आणि तुमच्याहून पन्नास वर्षं जुनी. पण चांगलं राखलेलं पॉलिश कसं दिसतं ते तिथे कळतं. त्यात खोली असते, काचेसारखा चकचकाट नसतो. तिथला उजेड किती मंद आहे तेही पाहा. उन्हाने शिसवीचा जांभळट तपकिरी रंग फिकट मधासारखा होतो आणि तो परत येत नाही.

लॅपटॉप चालेल. टेबल लिहायलाच केलेलं आहे. खाली जाड फेल्ट किंवा ब्लॉटरचा पॅड ठेवा, नाहीतर यंत्राच्या रबरी पायांचा रंग चामड्यात उतरतो. चहाचा कप थेट लाखेवर ठेवला तर पाच मिनिटांत पांढरं वर्तुळ. क्लॅम्पने कडेला घट्ट होणारे दिवे किंवा मॉनिटरचे हात लावायचे नाहीत. ती कड म्हणजेच पितळी पट्टी आहे. वर अख्खी काच टाकायचा मोह होतो, तोही आवरा, कारण तिच्याखाली ओल कोंडते. हिरवं चामडं फाटलं तर बदलता येतं. चामडं पहिल्यापासूनच झिजून बदलायची वस्तू आहे. फक्त नवं चामडं पिठाच्या खळीने लावायला सांगा, पुढच्याला सहज काढता यावं म्हणून.

आणि पुणे. शिसवीच्या जातींवर ‘साइटीस’ या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापाराबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराची बंधनं आहेत. ब्राझीलची शिसवी १९९२ पासून सर्वांत कडक यादीत आहे, आपल्याकडची शिसवी त्याखालच्या यादीत. त्या काळातल्या इंग्लिश टेबलांत दोन्ही सापडतात आणि नुसत्या डोळ्यांनी फरक करणं कठीण. त्यामुळे ब्रिटनबाहेर नेण्याआधी ॲनिमल अँड प्लँट हेल्थ एजन्सीकडून कागद काढावे लागतील, आणि भारतात उतरवायचे कागद वेगळे. किल्लीच्या भोकाभोवती पांढरी चकती असेल तर ती हाडाची की हस्तिदंताची हे आधी तपासून घ्या. हस्तिदंत भारतात आणायचा विचारही करू नका. ब्रिटनमध्येसुद्धा जून २०२२ पासून हस्तिदंत असलेली वस्तू विकायची तर ती १९४७ पूर्वीची, आकारमानाने दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंताची आणि नोंदणी केलेली असावी लागते. घरात ठेवायला किंवा मुलांना द्यायला अडचण नाही.

कागद जमले तरी आमचं मत ‘नेऊ नका’ असंच आहे. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या आसपास उतरते आणि जुलैत ऐंशीच्या वर जाते. रेडिएटरने एका हिवाळ्यात जे केलं ते तिथली हवा दरवर्षी दोन्ही दिशांनी करेल. शिवाय पावसाळ्यात सरस मऊ पडतो आणि त्यावर बुरशी धरते. बाराही महिने एकाच आर्द्रतेवर राखलेली खोली देऊ शकत असाल तरच न्या. नाहीतर जायच्या वर्षभर आधी, बाफ्राच्या कारागिराचा अहवाल बरोबर जोडून, इंग्लंडमधल्याच लिलावात द्या. आणि तोपर्यंत ते पाकीट डाव्या खणात ठेवा. त्यातला दोन इंचांचा मूळ तुकडा हरवला तर नवा पत्रा कापून त्यावर रेघा कोरायला दिवस जातो, आणि तरी तो नवाच दिसतो.